रडर पेडल्स घेताना आधी मधला भाग तपासा

संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी स्टिक किंवा योक (विमानाचं हँडल) घरात आला की थोड्याच दिवसांत पायांची उणीव भासू लागते. टेकऑफच्या धावेत विमान डावीकडे ओढलं जातं, स्टिक पिरगाळून ते सरळ ठेवायला गेलं की हात नकळत एलरॉनही (विमान कलवणारे पंखांवरचे भाग) हलवतो, आणि मग रडर, म्हणजे शेपटीच्या उभ्या पंखाचा हलता भाग, पायांनी चालवणाऱ्या पेडल्सचा शोध सुरू होतो. विक्रीच्या पानावर धातूचं अंग, सोळा बिटांचं रेझोल्यूशन, ॲक्सिस (वेगवेगळ्या नोंदल्या जाणाऱ्या हालचाली) किती, अशी माहिती भरपूर असते. ती सगळी वाचूनही पेडल पायाखाली कसं वागेल ते कळत नाही. माझ्या मते निवडताना सर्वांत जास्त महत्त्व एकाच गोष्टीला द्यावं: मधल्या स्थितीच्या दोन्ही बाजूंना, पूर्ण ट्रॅव्हलच्या (सरकण्याच्या अंतराच्या) साधारण पाव भागात, पेडल किती हलकं आणि किती सलग सरकतं.

उड्डाणाचा बहुतेक वेळ पाय तिथेच असतात. सेसना १७२ हे एका इंजिनाचं छोटं विमान पूर्ण ताकदीवर चढत असताना नाक डावीकडे जातं, कारण प्रोपेलर वैमानिकाच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो आणि त्याचा गुंडाळत येणारा वारा शेपटीच्या उभ्या पंखावर डावीकडून आपटतो. शिवाय नाक वर असताना प्रोपेलरचं उजवीकडचं, खाली येणारं पातं जास्त ओढतं. यावर उपाय म्हणून उजवा पाय थोडासा, पण सतत दाबून ठेवावा लागतो. वळणात शिरताना आणि बाहेर पडतानाही लहानसा दाब पुरतो. पूर्ण रडर लागतो तो टॅक्सीत (जमिनीवर चालताना) आखूड वळण घेताना, स्पिनमधून (गिरक्या घेत कोसळण्यातून) बाहेर पडताना, स्लिप करताना (तिरकं सरकत उतरताना) आणि जोराच्या आडव्या वाऱ्यात. म्हणजे तासाभराच्या उड्डाणात काही मिनिटं.

आता मध्यावर खाच असलेलं किंवा स्प्रिंग घट्ट बसलेलं पेडल घ्या. पाय हळूहळू जोर वाढवतो, काहीच हलत नाही. मग एकदम खटका सुटतो आणि पेडल पाच-सात मिलिमीटर पुढे जातं. हवे होते दोन मिलिमीटर. परत आणायला गेलं की ते पुन्हा मध्यावर जाऊन बसतं. धावपट्टीवर विमान नागमोडी धावायला लागतं ते इथून. बरेच जण अशा वेळी सेटिंगमध्ये जाऊन सेन्सिटिव्हिटी कमी करतात, कर्व्ह (पेडलच्या हालचालीला रडर किती प्रतिसाद देईल ते ठरवणारी वक्र रेषा) लावतात. त्याने विमानाची प्रतिक्रिया मंद होते, खटका मात्र तसाच राहतो, कारण तो यंत्रात आहे.

ही परीक्षा हातानेही करता येते. पेडल्स टेबलावर ठेवा, संगणकाला जोडा, विंडोजच्या रन खिडकीत जॉय डॉट सीपीएल टाइप करून गेम कंट्रोलर उघडा आणि प्रॉपर्टीजमध्ये रडरची पट्टी समोर ठेवा. एका बोटाने एक पेडल अगदी सावकाश ढकला. पट्टी बोटाबरोबर लगेच हलायला लागली तर उत्तम. बोट चांगलंच दाबल्यावर ती उडी मारून सुटली तर तेवढाच खटका पायालाही जाणवणार आहे. नंतर पेडल डावीकडून सोडून मध्यावर येऊ द्या, मग उजवीकडून. दोन्ही वेळा पट्टी एकाच जागी थांबायला हवी. जागा वेगळ्या निघाल्या तर रेल्समध्ये घर्षण जास्त आहे किंवा स्प्रिंग कमकुवत आहे, आणि मग डेडझोन (मध्याजवळचा, हालचाल मोजली न जाणारा पट्टा) मोठा ठेवण्यावाचून गत्यंतर नसतं. डेडझोन मोठा ठेवला की ज्या मधल्या भागासाठी पेडल्स घ्यायची तोच मेला.

कोणतं विमान उडवता, त्यावर टो ब्रेक ठरतात

टो ब्रेक म्हणजे पेडलचा वरचा भाग चवड्याने पुढे झुकवून लावायचा ब्रेक. डावा वेगळा, उजवा वेगळा. सेसना १७२चं नाकाचं चाक पेडल्सनी मध्यापासून दोन्ही बाजूंना साधारण १० अंश वळतं. त्याहून आखूड वळण हवं असेल तर आतल्या बाजूचा ब्रेक दाबून ते ३० अंशांपर्यंत नेता येतं. डायमंड डीए४० आणि सिरस एसआर२२ या विमानांत नाकाचं चाक पेडलला जोडलेलंच नसतं, ते मोकळं फिरतं. कमी वेगात वळायचं ते फक्त एका बाजूच्या ब्रेकने. ही विमानं आवडत असतील तर टो ब्रेक नसलेल्या पेडल्सवर टॅक्सी करणं अवघड होऊन बसतं, आणि ब्रेकला बटण लावून हे काम नीट होत नाही. बटण एक तर पूर्ण ब्रेक लावतं, नाही तर काहीच नाही.

उलट स्पिटफायरमध्ये टो ब्रेक नव्हतेच. स्टिकच्या गोल मुठीवर एक लिव्हर असतो, तो दाबायचा आणि ज्या बाजूचा रडर द्याल त्या बाजूच्या चाकाला जास्त ब्रेक लागतो. मिग-२१ आणि याक-५२ मध्येही हीच पद्धत: ब्रेकचा लिव्हर स्टिकवर, बाजू पेडलवरून. डीसीएस या लढाऊ विमानांच्या सिम्युलेटरमध्ये मुख्यतः हीच विमानं उडवणाऱ्याने टो ब्रेकसाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. स्टिकवर एखादा ॲनालॉग लिव्हर किंवा ट्रिगर असला की झालं.

प्रवासी जेटचं गणित आणखी वेगळं आहे. एअरबस ए३२० मध्ये पेडल्सनी नाकाचं चाक फक्त ६ अंश वळतं, बोइंग ७३७ मध्ये ७ अंश. टॅक्सीतली मोठी वळणं हातातल्या टिलरने घेतात. हवेत वळणाचा समतोल विमानाची यंत्रणाच सांभाळते. त्यामुळे पेडल्सवर पाय काम करतात ते टेकऑफच्या धावेत, आडव्या वाऱ्यातल्या लँडिंगला, ब्रेकला आणि इंजिन बंद पडलं तर. फक्त ए३२० उडवणाऱ्याने महागडी पेडल्स घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. तेच पैसे चांगल्या थ्रॉटलवर (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) घालावेत आणि टिलरसाठी एखादा मोकळा ॲक्सिस राखून ठेवावा.

हेलिकॉप्टरला स्प्रिंग नको

हेलिकॉप्टरच्या पेडल्सना मध्य नावाची नैसर्गिक जागा नसते. कलेक्टिव्ह (हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा दांडा) वर घेतला की मुख्य रोटरचा टॉर्क (फिरवणारा जोर) वाढतो, धड उलट दिशेने फिरू पाहतं आणि पेडल एका नव्या जागी नेऊन तिथेच ठेवावं लागतं. हॉव्हरमध्ये (हवेत एका जागी तरंगताना) ही जागा मध्यापासून बरीच दूर असते. स्प्रिंग असलेल्या पेडलवर पाय पूर्ण वेळ तिच्याशी झगडत राहतो. दहा मिनिटांत पोटरी दुखते, आणि दुखरा पाय बारीक हालचाल करू शकत नाही.

म्हणून हेलिकॉप्टरसाठी स्प्रिंग काढता येईल आणि तिच्या जागी घर्षण किंवा डॅम्पर घालता येईल असं पेडल पाहावं. डॅम्पर म्हणजे छोटा तेलाचा सिलिंडर. सावकाश दाबलं तर तो जवळजवळ विरोध करत नाही, झटका दिला तर अडवतो. पाय काढल्यावर पेडल आहे तिथेच राहतं. डीसीएसमध्ये एमआय-८ सारख्या हेलिकॉप्टरना स्पेशल विभागात रडर ट्रिमरचा (पेडलची धरलेली जागाच नवा मध्य मानण्याचा) पर्याय दिलेला आहे. तो स्प्रिंगवाल्यांसाठी आहे. स्प्रिंग काढली असेल तर तो बंद ठेवा, नाही तर ट्रिमचं बटण दाबलं की प्रत्यक्ष पेडल एकीकडे आणि सिम्युलेटरमधलं दुसरीकडे जाईल.

कोणता पाय, हेही रोटरच्या दिशेवर आहे. अमेरिकी ह्यूई किंवा रॉबिन्सन आर४४चा रोटर वरून पाहिल्यास घड्याळाच्या उलट फिरतो, म्हणून कलेक्टिव्ह वर घेताना डावं पेडल लागतं. रशियन एमआय-८ आणि फ्रेंच घराण्यातली हेलिकॉप्टर, म्हणजे आपलं चेतकसुद्धा, यांना उजवं लागतं. दोन्ही प्रकार उडवणाऱ्याने पेडलचा विरोध दोन्ही बाजूंना अगदी सारखा आहे ना, हे आवर्जून तपासावं.

यंत्रणा आणि सेन्सर

बाजारातल्या पेडल्सच्या ढोबळ चार रचना आहेत. पहिली रेल्सवर पुढे-मागे सरकणारी. लॉजिटेक, थ्रस्टमास्टर टीएफआरपी आणि सीएच प्रो पेडल्स या गटात येतात. यांत टाच पेडलवरच टेकते आणि अख्खं पाऊल सरकतं. दुसरी, मधल्या खिळीभोवती फिरणाऱ्या दांड्यावर बसवलेली, जसं क्रोएशियातल्या एमएफजीचं क्रॉसविंड. तिसरी लोलकासारखी वरून लटकणारी, थ्रस्टमास्टर टीपीआर. चौथी व्हीकेबीच्या टी-रडरची: पेडल लांबवर सरकत नाही, जवळजवळ जागच्या जागी झुकतं. तिला जागा फार कमी लागते, पण तिला टो ब्रेक नाहीत.

रेल्सवाल्यांचा कच्चा दुवा म्हणजे घर्षण. प्लास्टिकवर प्लास्टिक घासतं, धूळ शिरते, आणि काही महिन्यांनी पेडल मध्याजवळ अडखळायला लागतं. पाय तिरका पडला तर सरकणारा भाग रेल्समध्ये थोडा वाकडा होऊन अडकतो. बेअरिंगवर फिरणाऱ्या रचनेत हा त्रास जवळपास नसतो. क्रॉसविंडसारख्या पेडल्समध्ये स्प्रिंगचा जोर एका कॅमवरून फिरणाऱ्या रोलरमार्फत येतो. कॅमचा आकार बदलला की मधला भाग मऊ किंवा टणक करता येतो. जास्तीचे पैसे नेमके इथे खर्च होतात, आणि ते सार्थकी लागतात.

सेन्सर दोन प्रकारचे. पोटेन्शिओमीटरमध्ये कार्बनच्या पट्टीवरून एक धातूची जीभ घासत जाते. पट्टीवर धूळ बसली किंवा ती झिजली की सिग्नल थरथरतो: पाय स्थिर असताना रडर फडफडतो किंवा क्षणभर टोकाला उडी मारतो. झीज सर्वांत जास्त होते ती मध्याजवळ, कारण वापर तिथेच. हॉल सेन्सरमध्ये चुंबक आणि चिप एकमेकांना स्पर्शच करत नाहीत, त्यामुळे घासण्याचा प्रश्न मिटतो. बिटांच्या आकड्यांवर मात्र फार भर देऊ नका. १० बिट म्हणजे १,०२४ पायऱ्या, १२ बिट म्हणजे ४,०९६, १६ बिट म्हणजे ६५,५३६. खाच असलेल्या पेडलला ६५,५३६ पायऱ्या दिल्या तरी पहिल्या कित्येक हजार पायऱ्या खटक्यातच निघून जातात.

मग घ्यायचं कोणतं?

सुरुवातीला आणि कमी पैशांत दोन नावं पुन्हा पुन्हा समोर येतात. थ्रस्टमास्टर टीएफआरपी हलकं आहे आणि त्याची दोन पेडल्स एकमेकांच्या फार जवळ आहेत. उंच माणसाचे गुडघे आत वळतात, तासाभराने मांड्या अवघडतात. त्याचा मोठा फायदा म्हणजे ते त्याच कंपनीच्या टी.फ्लाइट हॉटास वन किंवा हॉटास ४ या स्टिक-थ्रॉटल संचाला थेट जोडता येतं, म्हणजे एक्सबॉक्स किंवा प्लेस्टेशनवरही चालतं. लॉजिटेकचं पेडल म्हणजे मूळचं सायटेकचं प्रो फ्लाइट. २०१६ मध्ये लॉजिटेकने सायटेक विकत घेतल्यावर ते नव्या नावाने आलं. ते रुंद आहे, मधल्या गोल नॉबने ताण कमी-जास्त करता येतो, पावलाच्या लांबीप्रमाणे टेकू बदलता येतो. पण सेन्सर पोटेन्शिओमीटरचे आहेत, ते फक्त पीसीवर चालतं, आणि मध्याजवळचा जोर नॉब पूर्ण सैल केल्यावरही थोडा जाणवतो. दोन्हींतून एक निवडायचं, खेळ पीसीवर आणि उंची सरासरी किंवा जास्त असेल तर मी लॉजिटेककडे झुकेन. ताण सुरुवातीपासूनच सर्वांत सैल ठेवा.

टर्टल बीचचं व्हेलॉसिटीवन रडर यांच्या वरच्या पायरीवर आहे. सेन्सर हॉलचे, पेडल्समधलं अंतर बदलता येतं, आणि ते एक्सबॉक्सवर चालतं. एक्सबॉक्सवर मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर उडवणाऱ्याने सगळ्यात आधी याचा विचार करावा.

त्याहून वर गेलं की प्रश्न विमानाच्या जातीचा. जेट आणि सर्वसाधारण विमानं, टो ब्रेक हवेत, पेडल कायम एका जागी राहणार: थ्रस्टमास्टर टीपीआर किंवा एमएफजी क्रॉसविंड. टीपीआर सुमारे ७ किलोचं आहे आणि त्याची लटकती हालचाल खऱ्या विमानाच्या जवळ जाते, पण ते उंच आहे, टेबलाखाली आडवी पट्टी असेल तर अडतं. डीसीएसमधली हेलिकॉप्टर आणि दुसऱ्या महायुद्धातली टो ब्रेक नसलेली विमानं: व्हीकेबी टी-रडर, कमी जागेत आणि क्रॉसविंडपेक्षा कमी पैशांत. सगळंच थोडं थोडं उडवायचं असेल तर डॅम्पर बसवलेलं क्रॉसविंड किंवा विरपिलची पेडल्स. परदेशातून मागवताना वजनामुळे कुरियर आणि वर कस्टम्स असा खर्च वाढतो. तो धरूनच तुलना करा, आणि बिघाड झाला तर सुटे भाग पाठवतात का, हे आधी विचारून घ्या.

खुर्ची, फरशी आणि अनवाणी पाय

पेडल जितकं चांगलं आणि ब्रेक जितके टणक, तितका हा भाग महत्त्वाचा. पाय पेडलला पुढे ढकलतो तेव्हा तेवढ्याच जोराने खुर्ची मागे ढकलली जाते. आपल्याकडे घरांत व्हिट्रिफाइड टाइल्स, कोटा, मार्बल असलं गुळगुळीत तळ असतं. चाकांची खुर्ची ब्रेक लावताच मागे जाते, किंवा पेडल पुढे भिंतीकडे सरकतं. मग माणूस नकळत पाय आवरता घेतो, ब्रेक अर्धाच दाबतो आणि दोष सेन्सरला देतो.

सगळ्यात पक्का उपाय म्हणजे खुर्ची आणि पेडल्स एकाच फळीवर. १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायचा चार बाय दोन फुटांचा तुकडा बहुतेकांना पुरतो. पाय लांब असतील तर साडेचार फूट घ्या. आधी पेडल्स फळीवर सुट्टी ठेवा, खुर्चीत बसा आणि एक पेडल टोकापर्यंत दाबा. त्या वेळी गुडघा थोडा वाकलेला राहायला हवा. सरळ ताठ झाला तर पेडल जवळ घ्या. मग दुसरं पेडल टोकापर्यंत दाबून जवळ आलेल्या पायाची मांडी टेबलाला लागत नाही ना ते पाहा. जागा ठरली की पेडलच्या तळातल्या भोकांतून पेन्सिलने खुणा करा, भोकाच्या मापाप्रमाणे एम५ किंवा एम६ बोल्ट घ्या आणि ते फळीच्या खालून वर आणा. बोल्टची डोकी खाली फरशीला लागू नयेत म्हणून भोकाचं तोंड खालच्या बाजूने पसरट करून घ्या. वरून विंग नट लावले तर पेडल्स हाताने काढता येतात. खुर्चीच्या चाकांसाठी फळीवर लाकडी पट्ट्या किंवा रबरी वाट्या स्क्रूने बसवा आणि फळीखाली गाद्यांखाली घालतात तसली जाळीदार रबरी चटई टाका.

फळीला जागा नसेल तर नायलॉनचा पट्टा. खुर्चीच्या मधल्या खांबाला एक फास, पेडलच्या तळाला दुसरा, आणि तो ताणलेला असेल अशी लांबी. जोर पट्ट्यात जिरतो, खुर्ची मागे जात नाही. फक्त पट्टा पेडलच्या हलत्या भागाला नव्हे, स्थिर तळालाच बांधा.

उंचीकडेही लक्ष हवं. रेल्सवाल्या पेडल्समध्ये टाच जमिनीपासून काही सेंटिमीटर वर येते. खुर्ची तेवढीच वर घेतली नाही तर गुडघे उंच होतात, मांडीचा खालचा भाग सीटवरून उचलला जातो आणि सगळं वजन माकडहाडावर येतं. खुर्ची वर घेतली की टेबलावरची स्टिक खाली वाटू लागते, म्हणून पेडल आणल्यावर दोन्ही एकत्रच जुळवा.

घरात आपण बूट घालत नाही, आणि ही पेडल्स बुटांसाठीच बनवलेली असतात. धातूच्या पेडलवरची खरखरीत नक्षी अनवाणी तळव्याला टोचते, मोजे घातले तर गुळगुळीत ॲल्युमिनियमवर पाय घसरतो. पातळ सपाट तळाचे कॅनव्हासचे बूट फक्त पेडल्ससाठी वेगळे ठेवणं हा उत्तम मार्ग. जाड स्पोर्ट्स शूजमध्ये तळव्याला पेडलचा अंदाज येत नाही. अनवाणीच उडवायचं असेल तर पेडलवर स्केटबोर्डला लावतात ती काळी ग्रिप टेप नको, ती कातडी सोलते. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा दुतर्फी टेपने चिकटवा.

जोडणी आणि सेटिंग

पेडल संगणकाच्या मागच्या यूएसबी पोर्टला थेट जोडा. वीज न मिळणाऱ्या हबवर चार-पाच उपकरणं असतील तर पेडल उड्डाणाच्या मध्येच गायब होऊ शकतं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची खूण असते, ती काढून टाका. पोर्ट बदलू नका. डीसीएस कधी कधी तेच पेडल नवीन समजून सगळ्या नेमणुका विसरतं.

कॅलिब्रेशन करताना रडर दोन्ही टोकांपर्यंत आणि ब्रेक पूर्ण दाबून सोडा. टीपीआर, व्हीकेबी, विरपिल यांची स्वतःची सॉफ्टवेअर आहेत. त्यांत एकदा कॅलिब्रेट केल्यावर विंडोजचं कॅलिब्रेशन पुन्हा चढवू नका, दोन्हींची गल्लत होते.

नंतर सिम्युलेटरमध्ये तीन गोष्टी लगेच करा. एक, स्टिकच्या पिरगाळण्याचा रडर ॲक्सिस काढून टाका. तो आणि पेडल दोघेही रडरला लागलेले असले तर एक दुसऱ्याला मध्यावर ओढतो आणि विमान झटके देतं. दोन, मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरच्या असिस्टन्स विभागातला ऑटो रडर बंद करा, नाही तर तुमच्या पायांचं काम सॉफ्टवेअर परस्पर करत राहील. तीन, ब्रेकची दिशा तपासा. बरीच पेडल्स पाय वर असताना पूर्ण मूल्य पाठवतात, म्हणून सिम्युलेटरला ब्रेक कायम दाबलेले दिसतात. लक्षण ठरलेलं: टॅक्सीला भरपूर थ्रॉटल देऊनही विमान हलत नाही. डीसीएसमध्ये ॲक्सिस ट्यूनमध्ये इन्व्हर्ट करा, मायक्रोसॉफ्टमध्ये दोन्ही ब्रेक ॲक्सिसना रिव्हर्स लावा.

डेडझोन मध्यावर २ ते ३ टक्क्यांहून जास्त नको. मायक्रोसॉफ्टमध्ये रडरची सेन्सिटिव्हिटी उणे २०च्या आसपास, डीसीएसमध्ये कर्व्हेचर १० ते १५. त्याहून जास्त वाकवलं तर मध्य मऊ होतो, पण टोकाकडे रडर अचानक तीव्र होतो आणि आडव्या वाऱ्यात नेमका तिथेच पाय असतो. ब्रेकला मात्र सुरुवातीला थोडा जास्त मृत भाग असलेला बरा, कारण रडर देताना चवडा नकळत झुकतो. मायक्रोसॉफ्टच्या सेन्सिटिव्हिटीच्या आलेखावर चालता ठिपका दिसतो. पाय नुसता टेकवल्यावर ठिपका हलत असेल तर तो हलणार नाही एवढा एक्स्ट्रीमिटी डेडझोन वाढवा. एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये स्टॅबिलिटी ऑग्मेंटेशनच्या (विमान आपोआप स्थिर ठेवणाऱ्या) पट्ट्या शून्यावर ठेवा.

जुहूच्या धावपट्टी २६ वर तपासणी

सगळं बसलं की एक ठरावीक उड्डाण करून पाहा. मायक्रोसॉफ्ट किंवा एक्स-प्लेनमध्ये जुहू, धावपट्टी २६, सेसना १७२, वारा २१० अंशांवरून १५ नॉट. मुंबईच्या पावसाळ्यातल्या नैऋत्येच्या वाऱ्याशी हे बऱ्यापैकी जुळतं. धावपट्टी २६ म्हणजे साधारण २६० अंशांची दिशा, तेव्हा वाऱ्याचा धावपट्टीशी ५० अंशांचा कोन, म्हणजे आडवा घटक साधारण साडेअकरा नॉट. सेसना १७२एसच्या पुस्तकात प्रात्यक्षिक केलेला आडवा वारा १५ नॉट दिलेला आहे, त्यामुळे हे अवघड असलं तरी मर्यादेत आहे.

आधी टॅक्सीवेच्या मधल्या रेषेवर १० नॉटच्या वेगाने चाला. नाकाचं चाक रेषेवर राहत नसेल आणि पेडल डावं-उजवं करावं लागत असेल तर खटका, घर्षण किंवा फार तीव्र सेटिंग, यांपैकी एक आहे. टेकऑफच्या धावेत टाचा जमिनीवर किंवा पेडलच्या तळावर खाली ठेवा, म्हणजे चवडा ब्रेकला लागत नाही. वारा डावीकडून आहे, विमान वाऱ्याकडे, म्हणजे डावीकडेच तोंड करू पाहतं, आणि इंजिनही डावीकडेच ओढतं. उजवा पाय बराच लागेल. वेग वाढेल तसा रडर जास्त परिणामकारक होतो, तसा तो सोडत यावा. चढताना पॅनेलवरच्या वक्र नळीतल्या चेंडूकडे पाहा: तो नळीत ज्या बाजूला गेलाय, त्या बाजूचं पेडल दाबायचं.

लँडिंगला नाक वाऱ्याकडे, डावीकडे ठेवून या. जमिनीजवळ आल्यावर उजवं पेडल देऊन नाक धावपट्टीशी सरळ करा आणि डावा एलरॉन देऊन डावा पंख किंचित खाली ठेवा. नाक सरळ येऊन तिथेच थांबलं पाहिजे. ते धावपट्टीची दिशा ओलांडून उजवीकडे वळलं आणि परत आणताना डावीकडे गेलं, तर पेडल मधून सुटताना उडी मारतंय किंवा कर्व्ह टोकाला फार तीव्र आहे. पहिलं असेल तर ताण आणखी सैल करा, रेल्स साफ करा. दुसरं असेल तर कर्व्ह कमी करा.

देखभाल

पोटेन्शिओमीटर थरथरत असेल तर गेम कंट्रोलरच्या खिडकीत पेडल पाव ट्रॅव्हलवर धरून ठेवा. पट्टी नाचत असेल तर साफसफाईची वेळ झाली. यूएसबी काढा, पेडल उलटं करून तळाचे स्क्रू उघडा, उघडण्याआधी तारांचा फोटो काढून ठेवा. इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनरची बारीक नळी पोटेन्शिओमीटरच्या पायांजवळच्या फटीत धरून एक छोटा फवारा द्या आणि पेडल वीस-तीस वेळा टोकापासून टोकापर्यंत हलवा. दुकानात गंज सोडवायचा जो तेलकट फवारा मिळतो तो इथे वापरू नका, त्याचा थर पट्टीवर राहतो आणि धूळ धरतो. पूर्ण वाळल्यावरच जोडा आणि पुन्हा कॅलिब्रेट करा.

प्लास्टिकच्या रेल्स कोरड्या फडक्याने पुसून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. गाडीचं पेट्रोलियम ग्रीस काही प्लास्टिकला फुगवतं, आणि फुगलेली रेल परत पूर्वीसारखी होत नाही. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात पावसाळ्यात पेडल फरशीवर महिनोन्महिने पडून असेल तर स्प्रिंग आणि स्क्रूंवर गंज येतो. फळीवर बसवलेलं असेल तर फळीच्या खाली हवा खेळेल असे चार रबरी पाय लावा, आणि न वापरण्याच्या दिवसांत पेडल्सवर सुती कापड टाका, प्लास्टिक नको, त्याखाली ओल साठते.